पाच मायक्रोमीटरचे दार

राष्ट्रीय क्वांटम अभियानाची बातमी आली की तिच्यात दोन आकडे हमखास असतात. एक रुपयांचा, ६,००३.६५ कोटी, दुसरा अंतराचा, २,००० किलोमीटर. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या अभियानाला मंजुरी दिली. २०३०-३१पर्यंतच्या मुदतीत उपग्रहाच्या साहाय्याने देशातील भूस्थानकांमध्ये २,००० किलोमीटरपर्यंत सुरक्षित संदेशवहन साधायचे आणि तेवढ्याच पल्ल्यापर्यंत शहराशहरांना क्वांटम किल्ल्यांनी जोडायचे, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. मी प्रकाशविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आयुष्याची बरीच वर्षे काढली. त्यामुळे असल्या बातम्या वाचताना मला तिसराच एक आकडा आठवतो, आणि तो मला अद्याप कुठल्या बातमीत सापडलेला नाही. तो आकडा म्हणजे पाच मायक्रोमीटर.

७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर ज्या सिंगल मोड फायबरमधून नेतात, त्यात प्रकाश साधारण एवढ्याच रुंदीच्या वर्तुळात वावरतो. ती काचेची तार स्वतः १२५ मायक्रोमीटर जाडीची असते. म्हणजे तारेच्या टोकाच्या क्षेत्रफळाचे सव्वासहाशे भाग केले, तर त्यातला एक भाग प्रकाशाच्या कामाचा. उरलेली सगळी काच आवरण म्हणून असते. प्रकाश तिच्यात शिरलाच, तर तो काही अंतरावर गळून जातो. खोलीभर पसरलेल्या टेबलावरून आरसे, भिंगे, ध्रुवण-पट्ट्या ओलांडत आलेल्या लेसरशलाकेला या एका भागात शिरवणे, याला आमच्या बोलीत ‘कपलिंग’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द सुचवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ‘युग्मन’ कोरडा वाटतो. ‘प्रवेश’ म्हणावे तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होते. तेव्हा कपलिंगच म्हणू.

आपल्यापैकी जे विज्ञान शाखेतून पदवीधर झाले, त्यांतल्या बहुतेकांनी एक प्रयोग केलेला असेल: प्रकाशीय तंतूचे न्यूमेरिकल ॲपर्चर काढणे. प्लॅस्टिकच्या तंतूत लाल लेसर सोडायचा, दुसऱ्या टोकासमोर कागद धरायचा, पडलेल्या तांबड्या वर्तुळाचा व्यास मोजायचा, अंतर मोजायचे आणि सूत्रात घालायचे. उत्तर ०.५च्या आसपास आले की जर्नलवर सही मिळते. त्या तंतूचा गाभा जवळपास एक मिलिमीटरचा असतो. शिवाय विद्यार्थी येण्याआधीच प्रयोगशाळा साहाय्यकाने लेसर त्याच्या तोंडाशी नीट बसवून ठेवलेला असतो आणि ‘मांडणीला हात लावू नये’ अशी चिठ्ठी शेजारी असते. मोजणे विद्यार्थ्याचे, जुळवणे दुसऱ्याचे. एक मिलिमीटर ते पाच मायक्रोमीटर, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने चाळीस हजारपट फरक. त्या फरकात जे काही शिकण्यासारखे आहे, ते पदवीच्या आणि पुष्कळदा पदव्युत्तर अभ्यासक्रमातही येत नाही.

पाठ्यपुस्तकातले चित्रही इथे अपुरे पडते. काचेच्या नळीत किरण डावी-उजवीकडे आपटत, पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे जातो, हे चित्र जाड तंतूसाठी अगदी योग्य आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी हेरल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४मध्ये ‘नेचर’मध्ये तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे काम प्रसिद्ध केले, तेव्हाच्या तंतूंना ते लागू होते. (कपानींना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले ते २०२१मध्ये. उशीर झाला, एवढेच म्हणतो.) परंतु गाभा तरंगलांबीच्या काही पटींइतकाच उरला की किरण ही कल्पनाच विरघळते. सिंगल मोड फायबर किरण घेत नाही, तो एक आकार घेतो. मध्यावर सर्वांत तेजस्वी, कडेकडे हळूहळू विरत जाणारा, सपाट तरंगाग्र असलेला एकच एक आकार. येणारी शलाका त्या आकाराशी जेवढी जुळेल तेवढी आत जाते, उरलेली बाहेर राहते. नरसाळ्याने तेल ओतावे तसा प्रकाश कोंबता येत नाही. भिंगाने ठिपका लहान केला की कोन वाढतो, कोन कमी केला की ठिपका मोठा होतो. फायबरला दोन्ही एकदम हवे असतात, त्याच्या मापाचे.

हे मला शिकवले ते बेंगळूरुच्या एका प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम केलेले, कन्नड आणि मोडक्या हिंदीत बोलणारे, टेबलाशी उभे राहिले की एक हात मागे बांधून घेणारे. दुसरा हात तेवढा स्क्रूवर. मी नवा होतो, तेव्हा लेसर चालू करून थेट फायबरच्या तोंडाकडे शलाका वळवायला निघालो. त्यांनी मला थांबवले आणि विचारले, “आधी त्याला विचारलंस का, त्याला काय हवंय?”

विचारायचे कसे, तर उलट्या बाजूने. फायबरच्या दुसऱ्या टोकाला पेनासारखा एक छोटा लाल लेसर लावायचा. दूरध्वनीचे तंत्रज्ञ तार कुठे तुटली ते पाहायला जो वापरतात, तोच. मग ज्या तोंडातून आपल्याला प्रकाश आत घालायचा आहे, त्याच तोंडातून लाल प्रकाश बाहेर येतो, भिंगातून समांतर होऊन टेबलावरून आपल्याकडे चालत येतो. ती शलाका म्हणजे फायबरचे उत्तर: मला या उंचीवरून, या दिशेने, एवढ्या रुंदीचा प्रकाश द्या. प्रकाशाचा मार्ग उलटवता येतो, हे तत्त्व आपण शाळेत एका ओळीत वाचतो. त्याचा इतका व्यवहारी उपयोग मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. आता काम उरते ते आपली शलाका आणि ही लाल शलाका दोन ठिकाणी एकमेकींवर आणण्याचे: एकदा फायबरजवळ, एकदा दूर. एका ठिकाणी जुळल्या तर छेदून जातील. दोन ठिकाणी जुळल्या तर त्या एकच रेषा आहेत. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून हातात चमकणारे कार्ड आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा. एवढे झाले की लाल लेसर काढायचा आणि त्या जागी पॉवर मीटर लावायचा. मीटर शून्याऐवजी काही मायक्रोवॅट दाखवू लागला की दार सापडले असे समजायचे.

तिथून पुढचे सगळे नाट्य चार स्क्रूंचे. दोन आरसे, प्रत्येकाला दोन स्क्रू. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या एक इंची आरशाच्या धारकाचा स्क्रू पूर्ण एक फेरा फिरवला की आरसा सुमारे आठ मिलिरेडियन कलतो, परावर्तित शलाका त्याच्या दुप्पट म्हणजे सोळा मिलिरेडियन वळते. भिंगाचे नाभीय अंतर ११ मिलिमीटर असेल, तर फायबरच्या तोंडाशी ठिपका १७६ मायक्रोमीटर सरकतो. म्हणजे ठिपका एक मायक्रोमीटर सरकवायला स्क्रू जेमतेम दोन अंश फिरवायचा. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो. त्याचा हा तिसरा हिस्सा. ठिपका गाभ्यापासून एक मायक्रोमीटर चुकला तर प्रकाशातला सुमारे १५ टक्के भाग जातो. अडीच मायक्रोमीटर चुकला तर जवळजवळ दोन-तृतीयांश. बोट स्क्रूवर ठेवले तरी आकडा हलतो, बोट उचलले तरी हलतो. अण्णा स्क्रू फिरवत नसत, त्यावर बोटाचे वजन ठेवत. तेवढ्याने तो दोन अंश फिरे.

आणि मग तो फसवा शिखराचा प्रकार. चारही स्क्रू एकेक करून फिरवावेत, प्रत्येकाने आकडा कमीच व्हावा, आणि आपण म्हणावे की झाले, हीच कमाल. मीटरवर ४० टक्के. वास्तविक ते खरे शिखर नसते. शलाका ठिपक्याच्या जागी बरोबर येत असते, पण तिरकी येत असते. एक आरसा दुसऱ्याची चूक झाकत असतो. त्यावरचा उपाय मनाला पटायला वेळ लागतो. पहिल्या आरशाचा स्क्रू मुद्दाम चुकीच्या दिशेने फिरवायचा, आकडा निम्म्यावर येऊ द्यायचा, आणि दुसऱ्या आरशाने तो परत वर आणायचा. पूर्वीपेक्षा थोडा वर आला तर त्याच दिशेने पुन्हा. खाली राहिला तर उलट. याला आम्ही शलाका ‘चालवणे’ म्हणतो, आणि ती खरोखरच एक पाय टाकला की दुसरा ओढत चालते.

अर्थात सगळेच स्क्रूंच्या हाती नसते. फायबरच्या अनावृत टोकावर काच आणि हवा यांच्या सीमेवर दर वेळी चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. दोन टोके म्हणजे आठ. स्वस्त डायोड लेसरची शलाका वर्तुळाकार नसते, लंबवर्तुळाकार असते. तिची लांबी-रुंदी तीनास एक असेल, तर सर्व स्क्रू देवाने येऊन फिरवले तरी गोल भिंगांनी तीन-चतुर्थांशापलीकडे जाता येत नाही. आकारच जुळत नाही. तिथे प्रिझमच्या जोडीने शलाका एका दिशेने ताणावी लागते. शिवाय धूळ: गाभ्यावर बसलेला एक कण सकाळभराची मेहनत खातो, म्हणून टोक अल्कोहोलने पुसून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, तेही लेसर बंद करून.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक नवागताला सांगतो. मीटरवर विश्वास ठेवण्याआधी बाहेर पडणारा ठिपका डोळ्यांखालून, म्हणजे कॅमेऱ्याखालून घाला. फायबर आखूड असेल तर आवरणात शिरलेला प्रकाशही दुसऱ्या टोकापर्यंत तग धरतो आणि मीटर त्याला प्रामाणिकपणे मोजतो. ठिपका डागाळलेला, कडेला वलये असलेला दिसला की समजावे, आकडा चांगला आहे पण खोटा आहे. फायबरला चार वेढे दिले की आवरणातला प्रकाश झडतो आणि खरा आकडा उरतो. तो बहुधा निराश करणारा असतो.

आता कोणी म्हणेल, लेसरमध्ये प्रकाश भरपूर असतो, अर्धा वाया गेला तर शक्ती दुप्पट करा. बऱ्याच ठिकाणी हे बरोबरही आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीच्या चमूने प्रयागराज आणि विंध्याचल यांच्यामध्ये शंभराहून अधिक किलोमीटरच्या, आधीच टाकलेल्या व्यावसायिक फायबरवरून क्वांटम किल्लीचे वितरण करून दाखवले. १५५० नॅनोमीटरला उत्तम फायबरमध्ये दर किलोमीटरला ०.२ डेसिबेल घट होते. शंभर किलोमीटरला २० डेसिबेल, म्हणजे शंभर फोटॉन निघाले तर एक पोचतो. क्षीण केलेल्या लेसरवर चालणाऱ्या पद्धतींत पाठवणाऱ्याच्या तोंडाशी झालेली गळती फारशी डाचत नाही, कारण तिथे प्रकाश मुद्दामच मंद करायचा असतो.

डाचते ती पुढे. गुंतलेल्या फोटॉनांच्या जोड्या वापरायच्या ठरवल्या, की एका स्फटिकातून निघालेले दोन फोटॉन दोन वेगळ्या फायबरांत शिरले पाहिजेत, आणि दोघेही शिरले तरच जोडी मोजली जाते. प्रत्येक तोंडाशी निम्मे आत गेले तर जोड्या उरतात पाव. प्रत्येकी ३० टक्के गेले तर शंभरातल्या नऊ. इथे शक्ती वाढवून भागत नाही, कारण स्फटिकाला जोराने पंप केले की एकदम दोन-दोन जोड्या निघू लागतात आणि कोण कोणाचा जोडीदार हेच कळेनासे होते. वाटेत वर्धक बसवावा तर अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल निसर्ग करू देत नाही. तोंडाशी निम्मा प्रकाश हरवणे म्हणजे तीन डेसिबेल. म्हणजे वाटेत पंधरा किलोमीटर फायबर फुकट जोडल्यासारखेच. आणि उपग्रहाकडून दुर्बिणीत उतरणारा प्रकाश सिंगल मोड फायबरमध्ये न्यायचा असेल, तर वातावरणाने त्याचे तरंगाग्र आधीच चुरगाळलेले असते; तिथे आरसे क्षणोक्षणी हलते ठेवावे लागतात. २,००० किलोमीटरच्या वाटेवर हे पाच मायक्रोमीटरचे दार असे पुन्हा पुन्हा येते.

गेल्या एका उन्हाळ्यात ओडिशातल्या एका जिल्ह्याच्या गावाहून एक विद्यार्थिनी आमच्याकडे दोन महिन्यांसाठी आली. तिच्या महाविद्यालयात लेसर होता, कपाटात. तिला मी फायबर दिला, दोन आरसे दिले आणि अण्णांची लाल पेन दिली. पहिल्या दिवशी २० मिलिवॅटपैकी तीन मायक्रोवॅट बाहेर आले. चौथ्या दिवशी ४१ टक्के, आणि तिथेच ती तीन दिवस अडकली. सहाव्या संध्याकाळी तिने जे विचारले ते मला अजून पुरते सोडून गेलेले नाही. “सर, मी अहवालात काय लिहू? माझ्याबरोबरच्या मुलाने एका आठवड्यात संगणकावर बारा आलेख काढलेत. माझ्याकडे एक आकडा आहे. पुढच्या वर्षी पीएचडीच्या मुलाखतीत विचारतील, उन्हाळ्यात काय केलं, तर सांगू की फायबरमध्ये प्रकाश घातला?”

प्रश्न रास्त होता. तिच्या घरी पुढच्या वर्षी एक तर शिष्यवृत्ती नाही तर नोकरी, असा हिशेब होता, आणि मुलाखत घेणाऱ्यांना बारा आलेख दिसतात. मी स्वतः अशा मुलाखतींच्या टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. “मग परिणाम काय मिळाला?” हा प्रश्न तिथे किती सहज विचारला जातो, हे मला ठाऊक आहे.

त्याच सुमारास अण्णा निवृत्त होऊन वर्ष उलटले होते. त्यांच्या जागी कायम नेमणूक झाली नाही. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर एक हुशार मुलगा आला. त्याचे बोट स्क्रूवर बसू लागले तेवढ्यात कंत्राट संपले आणि तो एका दूरसंचार कंत्राटदाराकडे फायबर जोडायला गेला. तिथे पगार बरा होता. मी त्याला थांबवू शकत नव्हतो, थांबवायला माझ्याकडे काही नव्हते. अण्णांच्या हातातून गेलेल्या प्रयोगांचे किती शोधनिबंध झाले, ते मोजता येईल. लेखकांच्या यादीत त्यांचे नाव एकाही ठिकाणी नाही, शेवटच्या आभारात तीन ठिकाणी आहे. अभियानाची चार केंद्रे आता उभी राहत आहेत: संगणनासाठी बेंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था, संदेशवहनासाठी आयआयटी मद्रास, संवेदन आणि मापनासाठी आयआयटी मुंबई, पदार्थ आणि उपकरणांसाठी आयआयटी दिल्ली. यंत्रे विकत घेता येतील. स्वयंचलित कपलरही मिळतात आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पण ते बसवताना पहिला मायक्रोवॅट बहुधा माणसालाच शोधून द्यावा लागतो, आणि ठिपका खोटा आहे हे ओळखायला तर माणूसच लागतो. असे हात तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते. अकरा महिन्यांच्या कंत्राटात ते कसे बसवायचे, हे मला कोणी तरी सांगावे.

विद्यार्थिनीला मी एवढेच म्हटले, की आकडा एक असेल, पण तो का आला याचा हिशेब लिही. तिने लिहिला. टोकांवरचे परावर्तन किती, लंबवर्तुळाचा तोटा किती, राहिलेल्या चुकीत जागेचा वाटा किती आणि कोनाचा किती. हिशेब मांडता मांडता तिला कळले की ५४च्या पुढे आरशांनी काही होणार नाही, शलाकाच गोल करायला हवी. प्रिझमची जोडी कपाटातून शोधून काढली तीही तिनेच. नवव्या दिवशी २०.० मिलिवॅट आत, १४.२ बाहेर. ७१ टक्के. चार वेढे देऊनही ७१. कॅमेऱ्यावर ठिपका स्वच्छ, गोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ६३वर आलेला होता. रात्री वातानुकूलन बंद पडले होते, टेबल दोनेक अंशांनी तापले आणि आरशांचे धारक आपापल्या मर्जीने किंचित हलले. नोंदवहीत तापमानाचा रकाना अण्णांनी फार पूर्वी आखलेला आहे. तिने त्यात २४.५ लिहिले, आत किती, बाहेर किती ते लिहिले, डावा हात मागे घेतला आणि दुसऱ्या आरशाच्या वरच्या स्क्रूवर बोट ठेवले.